तुम्ही विचारलेत म्हणून : टाकून दिलेली बुलडॉग घरात रुळते का?

गोदा, आमची इंग्लिश बुलडॉग कुत्री, घरी आल्यापासून लोक मला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारत आले आहेत. कुणी म्हणते, पिल्लू सोडून पाच-सहा वर्षांची, दुसऱ्याने टाकलेली कुत्री कशाला आणलीत. कुणी विचारते, पुण्याच्या उन्हाळ्यात बुलडॉग जगतो तरी कसा. आणि ज्यांच्या मनात स्वतःच अशी कुत्री घ्यायचे असते, ते थोडे बाजूला घेऊन विचारतात, की ती घरात रुळते का. जिन्यात उभ्याउभ्या दिलेल्या उत्तरात यातले काहीच नीट सांगता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. रुळते, हे उत्तर. मात्र तिला लळा लावायला जाण्याआधी तिला नीट श्वास घेता आला पाहिजे आणि तिची खाज थांबली पाहिजे. बुलडॉगचा स्वभाव म्हणून जे सांगितले जाते, त्यातले निम्मे दुखणे असते, असे माझे मत झाले आहे.

गोदा शहराबाहेरच्या एका शेडमधून सुटून आली. तिथे तिचा उपयोग फक्त पिल्ले काढण्यासाठी झाला होता, आणि पिल्ले कमी होऊ लागल्यावर तिला सोडून देण्यात आले. पोटावर एकावर एक घेतलेल्या छेदांचा जाड वण होता. बुलडॉगच्या पिल्लांचे डोके आणि खांदे रुंद असतात, आईचे कटिर, म्हणजे कमरेच्या हाडांमधली वाट, अरुंद असते, त्यामुळे या जातीची बहुतेक बाळंतपणे शस्त्रक्रियेनेच होतात, हे पिल्लू विकत घेणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. नियम आहे, आणि गोदासारख्या कुत्र्याही येतच राहतात.

ज्या संस्थेने तिला सांभाळले होते, तिची माणसे आधी आमचे घर पाहून गेली. लिफ्ट आहे का, एसी आहे का, दुपारी घरात कोण असते, घरातल्या सगळ्यांची संमती आहे का, असे प्रश्न त्यांनी विचारले, आणि तिच्यापासून पुन्हा पिल्ले काढणार नाही, नसबंदी करून घेऊ, सांभाळणे अशक्य झाले तर दुसऱ्या कुणाला न देता तिला संस्थेकडेच परत आणू, असे करारपत्रावर लिहून घेतले. माझ्या सासूबाईंना ही चौकशी फारच वाटली. मला ती मुलीचे स्थळ पाहण्याइतकीच रास्त वाटली. लोक गोदाला ‘वय झालेली’ म्हणतात, त्याबद्दलही इथेच सांगते. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२२ मध्ये ब्रिटनमधील कुत्र्यांच्या नोंदींवरून जे सरासरी आयुर्मान काढले, त्यात इंग्लिश बुलडॉगच्या वाट्याला सुमारे ७.४ वर्षे आली, तर जॅक रसेल टेरियरच्या वाट्याला १२.७. हा आकडा डोळ्यांपुढे ठेवूनच आम्ही सही केली.

पहिल्या आठवड्यात पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगितले आणि तिला पशुवैद्यांकडे नेले. नाकपुड्या जवळजवळ मिटलेल्या होत्या. मागचा मऊ टाळूही लांब असून श्वसनमार्गावर येत होता, हे पुढे भूल दिल्यावर दिसले. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांमध्ये जबड्याची हाडे आखूड झाली, पण आतले मांस त्या प्रमाणात कमी झाले नाही, म्हणून ही अडचण होते. गोदा झोपताना हनुवटी भिंतीच्या पट्टीवर किंवा पाण्याच्या भांड्याच्या काठावर टेकवत असे. पाहणाऱ्याला ते गोंडस वाटते. प्रत्यक्षात मान उंच ठेवली की हवेची वाट जरा मोकळी होते, म्हणून ती तसे करत होती. झोप लागली की घोरणे, मग एकदम शांतता, मग दचकून जागे होणे, असे रात्रभर चाले. १९८७ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी झोपेत श्वास अडण्याच्या मानवी विकाराचा अभ्यास करण्यासाठी इंग्लिश बुलडॉगचीच निवड केली होती, कारण या जातीत तो विकार मुळातच आढळतो. वर्षानुवर्षे धड न झोपलेले जनावर जवळ गेल्यावर गुरगुरत असेल, तर त्याला रागीट म्हणायची घाई मी तरी करणार नाही.

नसबंदी, नाकपुड्या रुंद करणे आणि टाळूचा जादा भाग काढणे ही तिन्ही कामे एकाच भुलेत करून घ्यावीत, असे डॉक्टरांनी सुचवले, कारण अशा कुत्र्यांना भूल देणे हीच मोठी जोखीम असते आणि ती वारंवार पत्करू नये. ज्यांना या जातीच्या शस्त्रक्रियांचा सराव आहे, अशांकडेच जा, एवढे मी आवर्जून सांगते. भूल उतरत असतानाचा वेळ सर्वांत धोक्याचा असतो. कुत्री पूर्ण जागी होऊन स्वतः डोके उचलेपर्यंत घशातील नळी काढत नाहीत, आणि तेवढा वेळ तिच्याजवळ बसून राहणारा माणूस दवाखान्यात असावा लागतो. कुत्री फुकट मिळाली, असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी हे बिल दाखवले नाही.

त्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत ती ‘हट्टी’ राहिली नाही. त्यापूर्वी फिरायला नेले की थोड्या पावलांवर बसकण मारायची, आणि येणारे-जाणारे हसून म्हणायचे, बुलडॉग असाच आळशी असतो. तिला चालायचे नव्हते असे नाही. दम पुरत नव्हता.

उन्हाळ्याचा प्रश्न याच श्वासाशी जोडलेला आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून जिभेवरून आणि नाकातून पाण्याची वाफ होऊ देणे हाच त्याचा गार होण्याचा मुख्य मार्ग. बुलडॉगचे नाकच आखूड, त्यातून धापा टाकण्याचे श्रम अधिक, त्या श्रमांनी अंग आणखी तापते, घशाला सूज येते आणि हवा आणखी कमी मिळते. हे चक्र सुरू झाले की फार थोडा वेळ हाती राहतो. म्हणून मार्च ते जून गोदा सूर्य उगवण्यापूर्वी आणि रात्री उशिरा बाहेर पडते, रस्त्यावर आधी मी हाताची पालथी बाजू टेकवून डांबर किती तापले आहे ते पाहते, आणि गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस वापरते. जिभेचा रंग गडद लाल किंवा निळसर झाला, लाळ चिकट झाली, पाय लटपटले, तर आधी जागच्या जागी अंगावर साधे गार पाणी ओतून पंखा लावावा आणि मग गाडी काढावी. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, कारण त्याखाली उष्णता कोंडते. पावसाळ्यात तळ्याकाठी सहलीला नेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की जड डोके आणि आखूड पाय यांमुळे बहुतेक बुलडॉगना पोहता येत नाही.

त्वचेचे काम मात्र रोजचे आहे आणि त्यात काहीही नाट्य नाही. रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्याच दुसऱ्या एका अभ्यासात, इतर कुत्र्यांच्या तुलनेत इंग्लिश बुलडॉगला घड्यांमधील त्वचादाह होण्याची शक्यता ३८ पट आढळली होती. गोदाच्या नाकावरची घडी आतून लालभडक होती, आणि वळलेल्या आखूड शेपटीखाली एक खळगा असतो, तो पूने भरला होता. ती बूड फरशीवर घासत असे, त्याला शेडवाल्यांनी जंत म्हटले होते. घड्या पुसण्यापेक्षा त्या कोरड्या करणे महत्त्वाचे. पुण्यातल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत नुसते पुसून सोडले की दोन दिवसांत आंबट वास येतो. शिवाय रक्ततपासणीत गोचीडताप निघाला, त्यासाठी डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा जवळपास महिनाभराचा कोर्स झाला.

आता घराविषयी. कुत्रा घरी आल्यावर तीन दिवस बुजलेला असतो, तीन आठवड्यांत वेळापत्रक समजते आणि तीन महिन्यांत घर आपले वाटते, असे दत्तक देणाऱ्या संस्था सांगतात. घरातच वाढलेल्या कुत्र्यासाठी हा हिशेब ठीक असेल. पिंजऱ्यात आयुष्य काढलेल्या मादीला तो लावू नये. गोदाने जिना, टीव्ही, मिक्सर यांतले काहीच पाहिलेले नव्हते. जिथे झोपायचे तिथेच शी-शू करण्याची तिला सवय होती आणि गवतावर पाय ठेवायलाही ती घाबरत होती, त्यामुळे झोपून उठल्यावर आणि प्रत्येक जेवणानंतर तिला पिल्लासारखे खाली नेऊन, काम झाले की तिथेच खाऊ देऊन, सगळे पहिल्यापासून शिकवावे लागले. तिची गादी आम्ही हॉलमध्ये न ठेवता आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवली, आणि ती गादीवर असताना तिला कुणी हात लावायचा नाही, असा नियम घरातल्या मुलांसकट सर्वांना घातला. गुळगुळीत टाइल्सवर तिचे मागचे पाय फाकत असत; या जातीचे खुबे मुळातच सैल, म्हणून स्वयंपाकघरापर्यंत रबरी चटया अंथरल्या. भांड्यातले अन्न मध्येच काढून घेऊन तिची परीक्षा घ्यायची, असा सल्ला बरेच जण देतात. मला तो दुष्टपणाचा वाटतो. आम्ही जवळून जाताना भांड्यात उकडलेल्या चिकनचा एखादा तुकडा टाकत गेलो, आणि कालांतराने आमची पावले ऐकून तिचे गुरगुरणे थांबले.

इतर कुत्र्यांशी मात्र तिचे अजूनही बेतास बात जमते, आणि याचे कारण मला बरेच दिवस निरखल्यावर कळले. कुत्री एकमेकांचे चेहरे, कान, शेपटी वाचतात. हिच्या चेहऱ्यावर कायमच्या सुरकुत्या, शेपटी हलवायला नाहीच, आणि साधा श्वासही समोरच्याला गुरगुरण्यासारखा ऐकू येतो. आमच्या गल्लीतली भटकी कुत्री बिचारी संभ्रमात पडतात. आम्ही त्यांना दुरून, तिरक्या वाटेने ओलांडतो.

माणसांचा संभ्रमही तसाच. बैलांवर कुत्री सोडण्याचा खेळ ब्रिटनमध्ये १८३५ च्या कायद्याने बंद झाला, आणि आजचा जड, आखूड श्वासाचा बुलडॉग त्यानंतरच्या प्रदर्शनांनी घडवला. तरी चेहरा पाहून लिफ्टमधले लोक मागे सरकतात. मार्च २०२४ मध्ये केंद्राने धोकादायक मानलेल्या कुत्र्यांच्या २३ जातींवर बंदी घालण्याचे पत्रक राज्यांना पाठवले, तेव्हा सोसायटीच्या बैठकीत गोदाचा विषय निघाला. त्या यादीत अमेरिकन बुलडॉग होता, इंग्लिश बुलडॉग नव्हता, आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक व दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्रक रद्द ठरवले. पाळीव प्राण्यांना लिफ्ट नाकारण्याचा किंवा ते पाळण्यावरच बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहेच. मी ती छापील प्रत, महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र अशी फाईल सचिवांकडे दिली. वाद तिथेच मिटला.

शेवटी, तुम्हाला काय सोडावे लागले, असेही विचारतात. बऱ्याच विमान कंपन्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना सामानाच्या कक्षातून नेत नाहीत, आणि मे महिन्यात तिला गाडीतून घाट उतरवून कोकणात नेण्याची माझी तयारी नाही. म्हणून उन्हाळ्यात आमचे रत्नागिरीला जाणे बंद झाले आहे. त्याऐवजी माझी धाकटी बहीण आंब्यांच्या पेट्या घेऊन पुण्याला येते. आमरसाच्या दिवशी कोयींचे पातेले ओट्याच्या अगदी मागच्या बाजूला सरकवून ठेवावे लागते, कारण गोदा काहीही चावल्याशिवाय गिळते आणि कोय आतड्यात अडकली तर ती काढायला पुन्हा भूल द्यावी लागेल.