मे महिना आणि गाडीचं पाणी

२० मे, लातूर

सकाळी सातलाच गॅरेज गाठलं. नऊनंतर चाचांच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नाही. गाडी २००९ ची अल्टो, आमच्याआधी उदगीरच्या एका गुरुजींकडे होती. बाहेरून अजून चकाचक. गुरुजींनी ती रोज पुसलेली दिसते, बॉनेट मात्र क्वचितच उघडलं असावं.

निमित्त गेल्या आठवड्यातलं. बीडहून येताना मांजरसुंबा घाटात टेम्परेचरचा काटा मध्यावरून वर सरकायला लागला. पुढं उसाच्या मोळ्यांएवढा कडबा लादलेला ट्रक, ओव्हरटेकला जागा नाही. एसी बंद केला आणि हीटर फुल्ल सोडला. बाहेर भट्टी पेटलेली, त्यात तोंडावर गरम झोत. सौ. म्हणाली, "अहो, डोकं फिरलं का तुमचं?" पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटरच, म्हणजे इंजिनचं तापलेलं पाणी थंड करणारी जाळी. इंजिनची उष्णता तो आपल्या अंगावर घेतो, काटा तेवढा खाली येतो. वर पोचल्यावर रसवंतीपाशी गाडी लावली आणि तासभर रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. रसवंतीवाला पाण्याचा मग घेऊन धावतच आला होता, त्याला लांबूनच थांबवलं. तापलेलं झाकण फिरवलं की आत दाबाखाली कोंडलेलं पाणी उसळून थेट तोंडावर येतं, आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी गेलं तर हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो.

आज इंजिन थंड असताना ते झाकण उघडलं तर आतलं पाणी विटकरी. खालचा पाइप काढून सगळं ट्रेमध्ये सोडलं. थोड्या वेळानं तळाला गाळ बसला. चाचांनी तो चिमटीत धरून चोळला, बारीक कचकच झाली. "बोअरचं हाय भाऊ सगळं. वरून टाकत गेले, टाकत गेले." झाकणाच्या रबरावर पांढरा थर होता, घरच्या गीझरच्या कॉइलवर चढतो तसाच. लालसर तो गंज, पांढरा तो क्षार. रेडिएटरच्या नळ्या आधीच चपट्या आणि बारीक. त्यात हा थर चढला की पंखा कितीही फिरो, पाणी काही थंड होत नाही.

आपल्याकडं घरोघरी इन्व्हर्टर आहे. त्याच्या बॅटरीत बोअरचं पाणी टाकायचं नसतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यासाठी दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन येतो. तोच माणूस गाडीच्या रेडिएटरमध्ये मात्र हापशाचं पाणी बिनदिक्कत ओततो. बॅटरी खराब झाली तर काही हजारांत काम भागतं, इंजिन बसलं तर गाडीच भंगारात जाते. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "माणसांनी टँकरचं प्यायचं अन् गाडीला फिल्टरचं व्हय?" २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी तिनं घागरीत मोजून वापरलंय. तिला काय उत्तर देणार!

कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव, त्याबद्दलही इकडं एक ठाम समज आहे: ते काश्मीर-हिमाचलवाल्यांसाठी, पाणी गोठू नये म्हणून. आपल्याकडं बर्फ पडत नाही, मग कशाला खर्च? पण निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी असलं की मिश्रण शंभर अंशांच्या वर जाऊन उकळतं, आणि त्यातली रसायनं आतला गंज रोखतात. मला वाटतं, परभणी-नांदेडच्या मे महिन्यात कूलंटची गरज शिमल्याहून कमी नाही.

मग निघाला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप. उन्हाळा आला की बरेच मिस्त्री ही झडप काढून फेकतात, पाणी सतत फिरत राहावं म्हणून. मला ते पटत नाही. झडप नसली की थंडीत सकाळी इंजिन लवकर तापत नाही, पेट्रोल जास्त जळतं, ऑइलात ओल धरते. चाचा म्हणाले, "मी बी लै काढल्या पहिले. आता तपासून बघतो." त्यांनी झडपेच्या फटीत दोरा अडकवून ती चहाच्या पातेल्यात लटकती सोडली आणि खाली गॅस पेटवला. पाण्याला बुडबुडे आले, पाणी उकळायला लागलं, तरी दोरा सुटेना. चांगली झडप ऐंशीच्या पुढं कधीतरी उघडते आणि दोरा सुटून ती टपकन पातेल्यात पडते. ही जाम होती. नवी मागवली, सोबत नवं झाकणही. झाकणाची स्प्रिंग सैल पडली की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळतं, पण ते बदलायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस आहे का तेही पाहिलं. फेस असला तर हेड गॅस्केटमधून (हेडखालच्या सीलमधून) पाणी ऑइलात उतरत असण्याची शक्यता. झाकण कोरडं निघालं. सुटलो.

एअर फिल्टर मात्र उलटा आपटला तर जमिनीवर मातीचा ढीग. काळ्या रानातली धूळ पिठापेक्षा बारीक, आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत तर हवेत तीच असते. ती सिलिंडरमध्ये गेली की पिस्टनच्या रिंगा घासतात, मग ऑइल जळतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो. हँडबुकातला फिल्टर बदलायचा हिशेब डांबरी रस्त्यावरचा, आपण त्याच्या निम्म्यावर बदलावा.

पेट्रोलचा रबरी पाइपही बदलून घेतला. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि २००९ चं रबर काही त्यासाठी बनवलेलं नव्हतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं, ऊस आपल्याच मांजरा धरणाच्या पाण्यावरचा. पाणी कुठून कुठून गाडीत शिरतं बघा.

राहिला टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनच्या झडपा वेळेवर उघडायला लावणारा पट्टा. तो कधी बदलला याची नोंद नाही, गुरुजींना आठवत नाही. तुटला तर गाडी जागच्या जागी बंद, मग ती क्रेननंच उचलायची. चाचा ईदनंतर बदलून देणार आहेत. तोवर गाडी गावातल्या गावात, आणि रविवारी बीडच्या लग्नाला लाल परीनं.