मिनेसोटात व्हाइट पाइन वाढवताना : माझा अनुभव

आमचं घर मिनियापोलिसच्या उत्तरेला, मागे मोकळी जागा भरपूर आणि थंडीत वायव्येकडून येणारा वारा थेट किचनच्या खिडकीवर आपटतो. 2018 ला इटास्का पार्कला गेलो होतो, जिथून मिसिसिपी निघते तिथे, ते म्हातारे पाइन मान वर करकरून बघितले आणि तिथेच ठरवलं की आपल्या मागच्या अंगणात इथलीच झाडं लावायची, शोभेची बाहेरून आणलेली नकोत.

ओळखायला सोपं आहे. पाइनची पानं सुयांसारखी असतात, त्या सुयांचा एक जुडगा तोडून मोजायचा, पाच सुया निघाल्या तर व्हाइट पाइन, दोनच लांब सुया असतील आणि वाकवल्यावर कटकन मोडल्या तर रेड पाइन. इथे रेड पाइनला नॉर्वे पाइन म्हणतात आणि तो या राज्याचा राज्यवृक्ष आहे, नाव नॉर्वेचं पण झाड अस्सल इथलं. माझे बाबा आले होते तेव्हा दोन्हीला सुरूच म्हणायचे, आमचं गाव कोकणात समुद्राला लागून ना. मग मी त्यांच्या तळहातावर पाच सुया ठेवल्या, चष्मा लावून मोजल्या त्यांनी, तेव्हा कुठे पटलं.

2019 ला काउंटीच्या माती-पाणी संवर्धन ऑफिसकडून 25 व्हाइट पाइनचा गठ्ठा घेतला. कुंडी नाही, माती नाही, नुसती उघडी मुळं, रोप जेमतेम वीतभर. हे थंडीतच बुक करावं लागतं आणि माल मिळतो वसंतात. आणल्या आणल्या मुळं ओल्या कापडात गुंडाळा, उन्हावाऱ्यात सुकली की रोप गेलंच म्हणून समजा. खणायच्या आधी काही दिवस 811 ला फोन करा, फुकट येऊन जमिनीखालच्या गॅस आणि वायरच्या लाइनवर झेंडे लावून जातात.

माझी मोठी चूक म्हणजे आठ रोपं रस्त्याकडेला लावली. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, गाड्यांच्या चाकांनी ते उडतं आणि व्हाइट पाइनला मीठ अजिबात सोसत नाही. मार्चमध्ये बघते तर रस्त्याकडची बाजू सगळी तांबूस, त्यातली सहा गेली. खूप रडू आलं होतं खरंच. बाकीच्यांना मात्र जमीन गोठेपर्यंत पाणी देत राहिले, कारण गोठलेल्या जमिनीतून मुळांना पाणी ओढता येत नाही आणि फेब्रुवारी-मार्चचं ऊन-वारं सुया सुकवतं.

मग हरणं. रोपाचा शेंडा म्हणजे त्यांचा हिवाळ्यातला खाऊ. याला इथले लोक करतात तेच केलं, ऑक्टोबरमध्ये पोस्टकार्डाएवढा कागद शेंड्यावरच्या कळीभोवती दुमडायचा, दोनचार सुया आत धरून स्टेपल मारायचा, कळी कागदात पूर्ण झाकली पाहिजे. वसंतात कोंब त्यातूनच वर येतो. अशा एकोणीस कागदी टोप्या घालायला एक दुपार लागते, बोटं राळेने चिकटतात, घासून घासूनही निघत नाही, पण शेंडा हरणाच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत दर वर्षी करायचंच. ज्या वर्षी कंटाळा केला त्या वर्षी चार रोपांचे शेंडे गेले.

चौथ्या वर्षी एका झाडाचा शेंडा जूनअखेर छत्रीच्या मुठीसारखा वाकला, आत भुंग्याच्या अळ्या. मी तो वाळलेला भाग खालच्या हिरव्या फांद्यांपर्यंत कापून जाळला, मग उरलेल्यातली सगळ्यात जोमदार एक फांदी बांबूच्या काठीला उभी बांधून ठेवली, बाकीच्या थोड्या छाटल्या. दोन वर्षांत तीच नवा शेंडा झाली, आता खोडाला किंचित बाक आहे तेवढाच.

आणि सप्टेंबरमध्ये आतल्या सुया पिवळ्या पडल्या तर घाबरू नका, जुन्या सुया गळतातच, फांदीची टोकं हिरवी आहेत का ते बघा फक्त. मला पहिल्यांदा कोणी सांगितलं नव्हतं, रात्रभर झोप नाही.

आज तेरा झाडं उभी आहेत, उंच ती आठ फुटांपर्यंत. मे महिन्यात त्यांचे नवे कोंब मेणबत्त्यांसारखे ताठ उभे राहतात, फिकट हिरवे, आणि बाबांना व्हिडिओ कॉलवर त्या बाक आलेल्या झाडाचीच मेणबत्ती आधी दाखवावी लागते.