सदतीसात एक

रस्त्याने सदतीस मीटर चालून गेल्यावर आपण एक मीटर वर आलो आहोत, हे पायांच्या लक्षातही येत नाही. सायकलवाला थोडा जोर लावतो, इतकेच. रेल्वेच्या हिशेबात मात्र ‘सदतीसात एक’ हा चढ कडाच समजला जातो, कारण लोखंडी रुळावर लोखंडी चाक ज्या सहजतेने गडगडते त्याच सहजतेने ते घसरतेही. भोर घाट, कसाऱ्याचा थळ घाट आणि गोव्याकडे उतरणारा ब्रागांझा घाट, या तिन्ही ठिकाणी सर्वांत खडा चढ एवढाच आहे. भोर घाटाला विजेची साथ लवकर मिळाली. १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाली तीच मुळी विजेच्या इंजिनावर. ब्रागांझा घाटातला कॅसल रॉक ते कुळे हा सुमारे सव्वीस किलोमीटरचा टप्पा मात्र वाफेचे दिवस सरल्यावर कित्येक दशके डिझेलने सांभाळला, आणि माझ्या मनातला घाट अजूनही तोच आहे.

दूधसागर जवळ आला की डब्यातले सारे प्रवासी धबधब्याच्या बाजूला गर्दी करतात. मी त्या वेळी वळणावर मागे दिसणाऱ्या, गाडीला मागून रेटणाऱ्या बँकर इंजिनांकडे पाहत असतो आणि त्याबद्दल घरच्यांची बोलणी खातो. धबधब्याविषयी माझे काही वाकडे नाही. पण पाणी वरून खाली येते यात त्याचे स्वतःचे कर्तृत्व फारसे नसते, आणि हजारो टन कोळसा खालून वर जातो यात कोणाचे तरी नक्कीच असते.

कुळ्याच्या फलाटावर कोळशाची भरलेली रेक, म्हणजे सबंध मालगाडी, उभी असली आणि तिच्या शेपटाला बँकर जोडले जात असले, तर मी चहा हातात घेऊन मनातल्या मनात चढाचा हिशेब पुन्हा मांडतो. भरलेली एक वाघीण, म्हणजे मालगाडीचा एक डबा, ऐंशी टनांच्या वर जाते. अशा अठ्ठावन्न वाघिणी म्हणजे सुमारे पावणेपाच हजार टन. सपाट मार्गावर एक टन वजन हळूहळू ओढत ठेवायला दोन-तीन किलोचा जोर पुरतो, तर या घाटात नुसत्या चढापोटी दर टनामागे आणखी सत्तावीस किलो लागतात. म्हणजे पूर्ण रेकसाठी केवळ गुरुत्वाकर्षणाचे देणे सव्वाशे टनांच्या घरात जाते. डब्ल्यूडीजी-४ या चार हजार अश्वशक्तीच्या इंजिनाला सुमारे चाळीस टनांचा जोर सतत लावता येतो, त्यामुळे चार-पाच इंजिने लागतात. ती सगळी पुढेच जोडली, तर साऱ्या गाडीचा ताण पहिल्या वाघिणीच्या जोडणीवर, म्हणजे कपलिंगवर, येईल आणि ते तुटेल. म्हणून काही पुढून ओढतात आणि काही मागून रेटतात.

खरी गंमत अश्वशक्तीत नाही, पकडीत आहे. या इंजिनाचे वजन १२६ टन आणि चाके बारा, म्हणजे प्रत्येक चाकावर साडेदहा टन. पण चाक रुळाला टेकते ती जागा जेमतेम एखाद्या नाण्याएवढी असते. डिझेल इंजिन चाकांना थेट फिरवत नाही. ते अल्टरनेटर फिरवते, त्यातून वीज निघते आणि ती आसांवरच्या मोटरींना जाते. चाक किंचित जरी निसटू लागले, तरी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्या मोटरींचा जोर क्षणात कमी करते आणि पकड येताच पुन्हा वाढवते. आषाढात रूळ ओले असले आणि वर पालापाचोळ्याचा चिखल बसला असला, तर मात्र शेवटचा भरवसा चाकापुढे सोडल्या जाणाऱ्या वाळूवरच असतो, जसा वाफेच्या काळात होता.

वाराणसीला १९६४ पासून तयार होऊ लागलेल्या अल्को या अमेरिकी बनावटीच्या डिझेल इंजिनांचा आवाज ज्यांच्या कानात बसला आहे, त्यांना १९९९ नंतर आलेल्या या इंजिनांचा एकसुरी घुमारा थोडा बेचव वाटतो. अल्को जोरात आले की काळा धूर ओकत, धापा टाकत चढायचे, आणि त्याला कष्ट पडत आहेत हे पाहणाऱ्यालाही कळायचे. माझी आवड अल्कोची. पण माल चढवायचा असेल, तर मी निमूटपणे हुबळीच्या शेडमधली ही नवी इंजिने मागवीन.

चढण्यापेक्षा उतरणे अवघड, हे घाटात काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. चढताना जोर कमी पडला तर गाडी थांबते. उतरताना ब्रेक कमी पडला तर ती थांबतच नाही. म्हणून उतारावर त्याच मोटरींना उलट कामाला लावतात. चाके मोटरींना फिरवतात, मोटरी वीज निर्माण करतात, आणि ती वीज इंजिनातल्या रोधकांच्या जाळीत उष्णता होऊन पंख्यांच्या वाऱ्याबरोबर जंगलात निघून जाते. याला डायनॅमिक ब्रेक म्हणतात. हवेचे ब्रेक असतातच. पण सबंध घाट केवळ त्यांच्यावर उतरायचा म्हटले, तर चाके आणि ब्रेकचे ठोकळे तापून पकड कमी होत जाईल.

गेल्या काही वर्षांत या घाटाचे ओझेच उलटे फिरले. पूर्वी होस्पेट-बळ्ळारीकडचे लोहखनिज निर्यातीसाठी मुरगाव बंदराकडे उतरत असे, तेव्हा घाटाची मुख्य चिंता ब्रेकची होती. कर्नाटकाने २०१० मध्ये खनिजाची निर्यात बंद केली. पुढे मुरगावला उतरलेला परदेशी कोळसा बळ्ळारी भागातल्या पोलाद कारखान्यांसाठी वर चढण्याचे प्रमाण वाढत गेले आणि चिंता ओढण्याची झाली. कोळशाच्या धुळीविषयी गोव्यातल्या लोकांची तक्रार मला रास्त वाटते, इंजिनांचा कितीही लोभ असला तरी. त्याच मार्गावर मोले अभयारण्यातून दुसरा रूळ टाकण्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. म्हणून कॅसल रॉकला रेकपासून सुटलेल्या बँकरांना पुढच्या खेपेसाठी कुळ्याला परतायचे असले, तरी वर येणाऱ्या गाडीपासून एकेरी मार्ग मोकळा होईपर्यंत त्यांना कधी कधी माथ्यावरच थांबावे लागते.