दुपट्यातलं बाळ

डिसेंबरच्या सुरुवातीला शेजारच्या आजी दारात उभ्या राहिल्या. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी दोन्ही हातांवर आडवं धरलं होतं, एक बाजू कोपरात जरा उचललेली, तान्ह्याची मान सावरावी तशी. मीही नकळत तसंच घेतलं. चांगलं दोन किलोचं वजन! "चोवीस तारखेपर्यंत उघडू नकोस," एवढं सांगून त्या गेल्या.

हा जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराचा श्टॉलेन, नाताळचा खास पदार्थ. याला केक म्हणवत नाही आणि पाव म्हटलं तर त्याच्यावर अन्याय होतो. मैदा, यीस्ट, बदाम, बेदाणे, पाकवलेल्या संत्र्या-लिंबाच्या साली आणि लोणी. इथल्या बेकऱ्यांचा नियमच आहे, 100 किलो मैद्याला निदान 50 किलो लोणी. पीठ लांबट थापून एका बाजूने दुमडतात, भाजल्यावर वितळलेल्या लोण्याने न्हाऊ घालतात आणि वर पिठीसाखरेचा जाड थर देतात. दुमडीचा तो उंचवटा म्हणजे बाळ येशू आणि साखर म्हणजे त्याचं दुपटं. मरियेने बाळाला बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, ती गोष्ट अशी पिठात येऊन बसली आहे.

एवढं लोणी मात्र पूर्वी चालत नसे. नाताळच्या आधीचे आठवडे उपासाचे, लोणी-दूध वर्ज्य. पीठ, पाणी आणि तेलाचा तो श्टॉलेन फार बेचव लागत असणार, कारण सॅक्सनीच्या, म्हणजे ड्रेस्डेन ज्या प्रांतात येतं तिथल्या, राजघराण्याने लोण्याच्या परवानगीसाठी थेट रोमला विनवण्या केल्या. 1491 मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी ती दिली. ते पत्र इथे 'बुटरब्रीफ', म्हणजे लोण्याचं पत्र, म्हणूनच ओळखलं जातं. आपल्याकडे उपासाला काय चालतं यावर घराघरांत किती वाद होतात, ते आठवून मला या लोकांबद्दल एकदम जवळीक वाटली.

आजी चर्चला जात नाहीत. कम्युनिस्ट राजवटीतल्या पूर्व जर्मनीत वाढलेल्या त्यांच्या पिढीत असे पुष्कळ. तेव्हा बेदाणे-बदाम सहज मिळत नसत. पश्चिम जर्मनीतले नातेवाईक पार्सलने पाठवायचे आणि इकडून त्यांना तयार श्टॉलेन जायचा. लिंबाच्या सालीऐवजी कच्चे टोमॅटो पाकवून घालत, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, आमची टूटीफ्रूटी कच्च्या पपईची असते. त्या केवढ्या खूश झाल्या! देव-धर्म बाजूला पडला, जिन्नस मिळेनासे झाले, तरी पीठ दुमडायचं कुणी सोडलं नाही. याचं मला फार अप्रूप वाटतं.

चोवीस तारखेला संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. कापड सोडलं, आणि सुरी हातात घेऊन मी थांबले. आपण कृष्णजन्माला पाळणा हलवतो आणि सुंठवडा वाटतो. बाळाला सुरी लावायची? मी तसं बोलून दाखवलं. आजींनी सुरी माझ्या हातून घेतली आणि टोकाकडून नाही, बरोबर मधोमध कापलं. मधून चार पातळ कापे काढले. मग उरलेले दोन भाग एकमेकांशी जुळवले. असं केलं की आतून वाळत नाही, म्हणाल्या.

कापड पुन्हा गुंडाळताना त्यांनी वरची कड हलकेच आत खोचली.