बेंबीवरचा हिंग

आत बोलावणे येताच भाचीने पदराच्या टोकाने बाळाच्या बेंबीवरचा हिंगाचा लेप घाईघाईने पुसून टाकला. बेळगावातल्या दवाखान्यात आज सकाळी पाहिलेले हे दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

सात महिन्यांच्या बाळाला दोन दिवस जुलाब होत होते. “दुसरे काही औषध दिले का?” असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा तिने नकारार्थी मान हलवली. मुरुडशेंग, वेखंड, जायफळ आणि हळकुंड सहाणेवर उगाळून, मधात कालवून खानापूरला रोज दिली जाणारी घुटी तिच्या ओठांवर आलीच नाही.

बाहेर आल्यावर म्हणाली, “सांगून काय करायचं मावशी, ओरडतात की वो!”

उगाळणाऱ्या हातांची माया मला खोटी वाटत नाही आणि बेंबीवरच्या हिंगाबद्दल माझी तक्रारही नाही. पण एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, कारण त्यात बोट्युलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि इतक्या लहान आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात. जुलाबावर डॉक्टरांनी ओआरएस आणि १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम झिंक लिहून दिले होते, ते योग्यच होते.

शेवटी मीच परत आत जाऊन घुटीचे सांगितले. डॉक्टर ओरडले नाहीत, त्यांनी पेन खाली ठेवून शांतपणे विचारले, “मध किती दिवसांपासून?”

घुटीला आपल्या घरांत कोणी औषध म्हणतच नाही. “घुटी देता का?” असे सरळ विचारले असते, तर भाचीने सांगितले असते का?