तुम्ही विचारलंत म्हणून: पाखऱ्याला मी जवळ का घेत नाही

दारात आलेला प्रत्येक पाहुणा हेच विचारतो. आईविना शिंगरू तुम्ही बाटलीवर वाढवलंत, आता तो कुंपणाशी येऊन एवढा खिंकाळतो, तरी त्याच्या मानेवरून साधा हात का फिरवत नाही? परवा नणंदेनेही विचारलं. वर म्हणाली, "वहिनी, तुम्ही दगड झालात." म्हणून आज सगळं सांगते.

पाखऱ्याच्या आईला, चांदणी घोडीला, आम्ही सारंगखेड्याहून आणलं होतं, दत्तजयंतीच्या यात्रेतून. विकणाऱ्याने वय बारा सांगितलं. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दात पाहिले आणि सोळा तरी असेल म्हणाले. तरीही घेतली. फाल्गुनात रात्री दोनच्या सुमारास ती व्याली. शिंगरू तासाभरात उभं राहिलं, चार पाय चार दिशांना फाकवून. चांदणीने त्याला चाटून कोरडं केलं, आणि मग तिला दरदरून घाम फुटला. मी ओठ उचलून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक. पोटात मोठी रक्तवाहिनी फुटली होती, हे डॉक्टर सकाळी आल्यावर कळलं; उतारवयातल्या घोडीला वेताच्या वेळी असं होतं. साडेतीनला तिने मान टाकली. शिंगरू तिच्या पोटाशी हुंगत थान शोधत होतं. त्याच्या तोंडात अजून एक थेंब गेलेला नव्हता.

मी रडत होते. आबा म्हणाले, "पोरी, तांब्या आण. हात गरम पाण्याने धू. चीक काढायचाय."

मला आधी कळेचना. मग कळलं, तेव्हा पाय हलेनात. मेलेल्या जनावराची धार काढायची? आबा माझ्यावर असे कधी ओरडले नव्हते. "तिचं तिला झालं, आता याचं बघ!" त्यांचे हात संधिवाताने वाकडे झालेले, बोटं मिटत नाहीत. म्हणून मी बसले.

घोडीला दोनच थानं असतात, दोन बोटांत मावतील एवढी. अंग अजून उबदार होतं. चीक पिवळा, मधासारखा चिकट, आधी थेंब थेंब आणि मग बारीक धारेने आला. शिंगरू माझ्या कोपराला ढुशा देत होतं, माझी बाही चोखत होतं. मी चांदणीची माफी मागत पिळत होते. तांब्याचा तळ झाकला, मग अर्धा झाला, मग त्याच्या थोडा वर. शेवटच्या धारांच्या वेळी थान गार पडत चाललं होतं. ते गार पडणं माझ्या बोटांना आजही आठवतं. कुणी कौतुकाने "किती केलंत हो त्याच्यासाठी" म्हणालं, की मला तेच आठवतं, आणि मग मी नीट बोलत नाही. तुम्हाला तो तुटकपणा वाटतो.

तो चीक नसता तर शिंगरू बहुधा जगलं नसतं. घोडीच्या पोटात असताना पिल्लाच्या रक्तात रोगाशी लढायचं बळ उतरत नाही. ते सगळं चिकातून मिळतं, आणि आतडं ते पहिल्या दिवसापुरतंच घेतं, त्यातही पहिले काही तास महत्त्वाचे. फडक्यातून गाळून, करडांच्या बाटलीत भरून मी त्याला पाजलं. ते प्यायलं. त्या वेळी माझ्या मनात आलं की आता हा माझा. माझं सगळं चुकलं ते तिथून.

दुधाचं काही चुकलं नाही, हे मात्र ठासून सांगते. म्हशीचं दूध पाजा, साखर घाला, असे सल्ले देणारे खूप होते. घोडीचं दूध पातळ असतं, स्निग्धांश कमी आणि गोडी जास्त. म्हशीचं दूध त्याला झेपलं नसतं, आणि आपली साखर तान्ह्या शिंगराला पचत नाही. आम्ही गाईच्या दुधावरची साय काढून लिटरला वीस ग्रॅम ग्लुकोज घालत होतो. पहिला आठवडा दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. उभं असतानाच पाजायचं, बाटली खाली धरायची, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. सगळं केलं.

डॉक्टरांनी तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, "ताई, याला बादलीवर आणा." बोट दुधात बुडवून चोखायला दिलं की शिंगरू लवकर शिकतं, आणि माणसाच्या मागे लागत नाही. मी हो म्हणाले आणि दोन महिने बाटलीच धरली. रात्री वेळ मिळाला नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. खोटं आहे ते. बादलीला उलट वेळ कमी लागला असता. मला त्याचं डोकं मांडीशी हवं होतं.

आबांनी शेजारच्या निरोगी घोडीची ताजी लीद आणून ठेवली, तर मी भांडले. शिंगरं आईची लीद खातात, पोटातले चांगले जंतू त्यातूनच मिळतात, हे मला नंतर कळलं. सोबतीला म्हातारी घोडी आणू म्हणाले, तेव्हा मी खर्चाचं कारण पुढे केलं.

पाच महिन्यांचा असताना तो मागच्या पायांवर उभा राहिला आणि पुढचे दोन्ही पाय त्याने माझ्या पुतणीच्या खांद्यावर टाकले. खेळत होता. शिंगरं एकमेकांशी असंच खेळतात. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. ती नऊ वर्षांची होती.

त्याच महिन्यात म्हातारी घोडी आली. पहिल्या दिवशी तिने त्याला चावून हाकललं. घोड्यांचं पोर मोठ्यांसमोर मान खाली घालून जबडा हलवतं, मी लहान आहे म्हणून सांगतं. याला ते येत नव्हतं. तो पळत कुंपणाशी आला, माझ्याकडे. मी पाठ फिरवून उभी राहिले. आबा म्हणाले, बरोबर केलंस. मला अजून तसं वाटत नाही. उलट केलं असतं तर ते बरोबर झालं असतं, असंही वाटत नाही.

आता तो दीड वर्षाचा आहे. घोडीच्या मागे मागे चरतो, तिने कान मागे टाकले की बाजूला होतो. पण संध्याकाळी विसळलेल्या भांड्यांचा आवाज झाला की मान वर करतो आणि कुंपणाशी येतो. मी वैरण टाकते, पाणी बघते आणि घरात जाते. खिडकीतून तो दिसतो. अंधार पडेपर्यंत तो तिथेच असतो, आणि मीही.