तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोतली माणसं कुठायत?

मी रात्रीच्या रस्त्यांवर दिव्यांच्या रेघांचे फोटो काढतो, त्यावर हे प्रदर्शनात विचारतात, लग्नात विचारतात. परवा तर न्हाव्यानं गळ्यावर वस्तरा ठेवून विचारलं, "रेघा झकास येतात तुमच्या, पण माणसं कुठायत?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "फोटोशॉप ना?"

दुसऱ्याचं उत्तर आधी. नाही. ट्रायपॉड, आयएसओ १०० (कॅमेरा उजेडाला कमी हळवा), लेन्सचं छिद्र बारीक आणि शटर पंधरा-वीस सेकंद उघडं. रात्री सोलापुरातल्या 'सात रस्ता' चौकात उभे राहा, तुम्हालाही जमेल. जाणाऱ्या गाड्यांची लाल रेघ, येणाऱ्यांची पांढरी, आणि वळणाऱ्या रिक्षाच्या इंडिकेटरचा पिवळा धावदोरा.

माणसं का नसतात, तर ती चालत असतात. माणूस एका जागी अर्धा सेकंदही नसतो, मागची भिंत मात्र वीस सेकंद तिथंच असते. भिंत जिंकते. दिव्याचं तसं नाही, त्याला निमिषभर पुरतं. १८३८ साली दागेर या फोटोग्राफीच्या आद्य फ्रेंच जनकानं पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो काढला तेव्हा काही मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये सगळी वर्दळ पुसली गेली, उरला तो बूट पॉलिश करून घेत उभा राहिलेला एक जण.

हे मी वर्षानुवर्षं ऐटीत सांगत आलो. 'माणूस सरतो, उजेड उरतो' असली वाक्यं फोटोखाली टाकली. आज वाचवत नाहीत.

कारण गड्ड्याचा, म्हणजे सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेचा तो फोटो. तुम्ही सगळे ज्याचं कौतुक करता तो, होमाच्या रात्रीचा, नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांच्या, दिव्यांची सोनेरी लाट असलेला.

बाबा दरवर्षी बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा, घालून मिरवणुकीत जायचे. टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी, पण गड्ड्याचे दिवस सुट्टीचे. त्या वर्षी आईनं बाराबंदी नीळ घालून धुतली होती. निघताना म्हणाले, "वळणावर काढ. मी बाहेरच्या अंगानं चालतो, म्हणजे बरोब्बर येईन." मी एका बंद दुकानाच्या पायरीवर ट्रायपॉड लावला. "हर्र बोला हर्र"चा गजर जवळ आला, मी शटर उघडलं. बाबा खरंच बाहेरच्या अंगानं आले. कॅमेऱ्याकडे बघून मान थोडी ताठ केली आणि गेले. चार पावलांवरून.

बॅगेत फ्लॅश होता. शटर बंद होता होता तो उडवला की समोरचा माणूस त्या क्षणापुरता गोठतो, चेहरा येतो. रेघाही राहतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं अशी सबब मी दोन-तीनदा सांगितली आहे. माहीत होतं. फ्लॅशनं लाट फिकी पडेल, म्हणून काढला नाही.

फोटोला बक्षीस मिळालं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बघायला आले, चष्मा पुसला, फ्रेमला नाक लागेल इतके वाकले. "मी कुठाय बे ह्याच्यात?"

मी खाली बोट दाखवलं. तिथं बाराबंद्यांचा पांढरट धूर होता, चुलीवर ओलं लाकूड धुमसावं तसा. चार लोकांसमोर मी त्यांना भिंत, दिवा, सेकंद सगळं शास्त्र समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "जरा थांबलो असतो तर आलो असतो?"

"मिरवणुकीत थांबता येतं होय, बाबा?" मी म्हणालो.

मिरवणूक ठिकठिकाणी थांबते. हे सोलापुरात पोराटोराला ठाऊक आहे.

पुढच्या संक्रांतीआधी बाबा गेले. भिंतीवर हार घातलेला आहे तो त्यांच्या ओळखपत्रावरचा फोटो, मोठा करून घेतलेला, कडा फुटलेल्या. घरात फोटोग्राफर असून. बक्षिसाची फ्रेम चादरीत गुंडाळून कपाटामागं आहे.

आता म्हणाल, म्हणजे चुकलंच. थांबा. फ्लॅश मारला असता तर बाबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा आला असता, डोळे बहुधा मिटलेले, आणि तो फोटो तुमच्यापैकी कुणी दुसऱ्यांदा बघितला नसता. मला ते पटतं. तरी मारायला हवा होता, हेही पटतं. दोन्ही एका वेळी पटतात, त्याला मी काय करू?

हल्ली मी लोकांना थांबवतो. गेल्या आठवड्यात सात रस्त्याच्या चहावाल्याला म्हटलं, वीस सेकंद हलू नका. किटली हातात धरून बिचारा श्वास रोखून उभा राहिला. आला. नाक जरा दुहेरी, किटलीची वाफ मुळीच नाही, पण माणूस आला. मागं लाल-पांढऱ्या रेघांची नुसती धमाल.

मी स्क्रीन त्याच्यापुढं धरली. त्यानं बराच वेळ बघितलं.

"रेघा लै भारी आल्यात," तो म्हणाला. "मी उगं मधी आलोय. मला काढता येतंय का ह्यातनं?"